कॅमेऱ्यात बॉल दिसत नाही

१८ फेब्रुवारी १९९६, रविवार

वर्ल्ड कपची मॅच. गल्ली ओस. उत्तम. शांतपणे प्लॅन करता येईल.

काल साताऱ्याला कर्नल फडतरेसाहेबांच्या घरी जाऊन आलो. त्यांचा ऋषिराज आणि आमची संयोगिता इथे सांगलीत, विश्रामबागेत, एकाच कॉलेजात शिकले. दोघांनी परस्पर ठरवलंय. आता फक्त कर्नलसाहेबांची मर्जी राहायला हवी. ते कर्नल, मी सुभेदार होऊन रिटायर. मधे केवढ्या पायऱ्या! दिवाणखान्यात कपाटभर कप, सगळे गोल्फचे. साहेब गप्प, मी गप्प, चहा गार. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणून मी म्हणालो, ‘गोल्फच्या मैदानावर मीही बारा वर्षं होतो.’ हे शंभर टक्के खरं आहे.

साहेब एकदम खुलले. सांगलीत कुठं खेळता म्हणाले. म्हटलं, घरीच. मशीन आहे. आपण पडद्यावर बॉल मारायचा, कॅमेरा त्याचं शूटिंग घेतो, त्यावरून वेग निघतो आणि बॉल किती लांब गेला असता ते कळतं. (अमेरिकेत हे असतं. फौजेतल्या आमच्या ब्रिगेडियरसाहेबांच्या मासिकात मी स्वतः फोटो पाहिलाय.) साहेब म्हणाले, ‘दहा मार्चला सुपारी फोडायला येतोय, तेव्हा बघतोच. एक शॉट मलाही मारू द्या.’

परतताना एस.टी.त बायको, अंजना, कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. कराडला म्हणाली, ‘आवं, बारा वर्सं तुमी सायबाची पिशवी उचलत व्हता.’ बायकांना फौजेतलं काही कळत नाही. पिशवी हा कामाचा एक भाग. ब्रिगेडियरसाहेब माझ्याशिवाय मैदानात पाऊल टाकत नसत. कुठली स्टिक घ्यायची ते मी सुचवायचो. साहेब फक्त मारायचे.

संकल्प : दहा मार्चच्या आत मशीन उभं करायचं. फौजेत तेवढ्या वेळात पूल बांधतात.

२० फेब्रुवारी, मंगळवार

जागा : मागचं पत्र्याचं शेड. स्कूटर बाहेर काढली.

स्टिक : ब्रिगेडियरसाहेबांनी बदलीच्या वेळी बक्षीस दिलेली. सात नंबर. जरा वाकलीय. बॉल बिस्किटाच्या डब्यात पुष्कळ.

पडदा : एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या गोदामातून ‘आश्रम’ मिळाला. जाड कापड, त्यावर रंगाचे थर. ऋषीची झोपडी, नदी, दोन हरणं. गोल्फच्या मैदानावरही झाडं आणि पाणी असतंच, तेव्हा शोभतंय.

संयोगिता शेडमध्ये येऊन पडद्याकडे बघत बसली. म्हणाली, ‘बाबा, अजून वेळ आहे. मी ऋषिराजला सांगते, तो त्याच्या बाबांना हसत हसत सांगेल.’ मी विचारलं, काय सांगेल? तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. शेडमध्ये धूळ फार आहे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅमेरा : मिरजेचा महेंद्र. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. ह्या भागातला सगळ्यात भारी कॅमेरा त्याच्याकडे. अट एकच : पंचांगात मुहूर्त नसेल त्याच दिवशी येणार, कारण लगीनसराई. म्हणजे माझं गोल्फ सगळं अशुभ दिवशी. फौजी माणूस असलं मानत नाही. पंचांगात त्याचे दिवस लाल पेन्सिलने मार्क केले.

आज पहिली टेस्ट. मी शॉट मारले, महेंद्रने कॅमेरा खांद्यावर घेऊन शूटिंग केलं. टीव्हीला जोडून पाहिलं.

बॉल दिसत नाही!

माझा चेहरा दिसतो. मग स्टिक वर जाते, खाली येते, आणि कॅमेरा एकदम माझ्या हातावर. हातात स्टिक, हात बाजूला लांब केलेला. प्रत्येक शॉटला तेच. महेंद्रला झापलं. तो म्हणाला, ‘सुभेदारसायेब, सवय हाय. लग्नात मेन काय, तर कोन कुनाला काय देतंय. आहेर चुकला की पार्टी कॅसेट तोंडावर मारती. हात पुढं गेला की माझा कॅमेरा आपोआप जातोय.’

अंजना दारातून म्हणाली, ‘पन मारून झालं की ती काठी कुनाला देताय?’

शॉटनंतर हात असाच पुढे जातो, याला फॉलो-थ्रू म्हणतात, असं तिला सांगितलं.

दोष : कॅमेरामनचा. उपाय : स्टँड.

२६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

कॅमेरा स्टँडवर. महेंद्रला स्टुलावर बसवलं, हाताची घडी घालून. हुकूम : हलायचं नाही.

आता चटई दिसते, बॉल दिसतो, स्टिक येते ती मात्र नुसता पांढरा फराटा. महेंद्रच्या पुस्तकात ह्याला औषध आहे. ‘हायस्पीड शटर’ नावाचं बटण. कॅमेऱ्याने डोळा पटकन उघडून पटकन मिटायचा. लग्नात ते लागत नाही, कारण लग्नात कोणी एवढं जोरात हलत नाही. बटण दाबलं.

सगळं काळं. शेड नाही, मी नाही, हरणं नाहीत.

उजेड कमी पडतो. सोपं आहे. ट्यूब वाढवायच्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चार ट्यूब बसवल्या. चित्र आलं, पण धडधडतंय. उजेड, अंधार, उजेड, अंधार. वरून खाली काळा पट्टा सरकतो. ट्यूब डोळ्याला दिसत नाही अशी सारखी विझते आणि पेटते म्हणे, आणि शटर लहान असलं की कॅमेरा नेमका विझताना पकडतो. स्टार्टर बदलले, चोक बदलले. मग व्होल्टेज उतरलं आणि दोन ट्यूब पेटेचनात. त्यात एक बॉल उजवीकडे उडून तिसऱ्या ट्यूबवर. शेजारच्या अंबूबाई कंपाउंडवरून ओरडल्या, ‘आवो सुभेदार, लडाई सुरू झाली का काय?’

दोष : वीज मंडळाचा. तो बॉल मात्र खूपच वेगात होता. नोंद करून ठेवतो.

२८ फेब्रुवारी, बुधवार

कर्नलसाहेबांचा फोन. मशीन तयार? म्हटलं, तयार, फाइन ट्यूनिंग चालू आहे. साहेब म्हणाले, ‘मी माझी स्टिकची बॅग घेऊनच येतो.’ फोन ठेवल्यावर हाताला घाम होता. उकडतंय यंदा लवकर.

संयोगिता समोर उभी. तिने फोनकडे बघितलं, आणि मग भाजी निवडायला गेली. दोन दिवस ती नीट जेवत नाही असं अंजना म्हणते. लग्न ठरलेल्या मुलींना भूक कमी लागते.

१ मार्च, शुक्रवार

मुहूर्त नाही. महेंद्र हजर. लग्नातला हॅलोजन घेऊन आला, ज्याच्यापुढे नवरानवरी डोळे बारीक करून बसतात तो. आता ट्यूब बंद, हॅलोजन चालू, शटर चालू. चित्र स्वच्छ! काळा पट्टा गेला! महेंद्रची पाठ थोपटली.

फक्त फोकस चुकतो. कॅमेरा आपला आपण फोकस करतो आणि त्याला हरीण फार आवडतं. मी धूसर, बॉल धूसर, हरणाच्या पापण्यासुद्धा दिसतात. ऑटो बंद केलं. बॉलच्या जागी खडूने फुली मारून हाताने फोकस केला.

हॅलोजन पडद्याच्या फार जवळ होता. वास आला म्हणून बघितलं तर दुसऱ्या हरणाचं शेपूट जळालेलं. अंजनाने कळशी ओतली. काय बोलली ते लिहीत नाही.

२ मार्च, शनिवार. दुपारी

कालची कॅसेट आज नीट पाहिली. घरच्यांना श्रीलंकेची मॅच बघायची होती. टीव्ही कामासाठी हवा आहे म्हणून सांगितलं. घरात असंतोष.

पॉज दाबला की चित्राच्या मधोमध पांढऱ्या रेघा, नेमक्या बॉलवर. व्ही.सी.आर.चं ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की रेघा वर जातात आणि माझं डोकं कापलं जातं. व्ही.सी.आर.चं हेड कापसाने पुसलं. मग दिसलं. जे दिसलं ते फार महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. एक एक चित्र पुढे सरकवलं. एका चित्रात स्टिक मागे, बॉल फुलीवर. पुढच्या चित्रात स्टिक पुढे, बॉल फुलीवर. त्याच्या पुढच्या चित्रातही बॉल फुलीवर. हवेतला बॉल एकाही चित्रात नाही.

म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या वेळात बॉल पडद्यावर जाऊन, आपटून, परत जागेवर येतो. मला आधीच शंका होती, कारण तो ट्यूबवाला सोडला तर शॉटनंतर बॉल नेहमी पायाजवळच सापडतो. गणित केलं. ताशी साडेचारशे किलोमीटर. पुन्हा केलं. तेवढंच. ब्रिगेडियरसाहेबांचा बॉल डोळ्याला दिसायचा, त्या हिशेबाने मी त्यांच्या बराच पुढे आहे.

अंजनाला समजावलं. ती म्हणाली, ‘पडद्याला लागला तर आवाज कसा येत न्हाई?’ कापड जाड आहे.

दोष : कॅमेऱ्याचा. माझ्या वेगाला तो पुरा पडत नाही.

५ मार्च, मंगळवार

महेंद्रला म्हटलं, ह्याहून फास्ट कॅमेरा कुठे मिळेल? तो म्हणाला, ‘आसला कॅमेरा रॉकेट सोडत्यात तितं आसतोय, सायेब. मिरजंत न्हाई.’ मग जरा वेळाने, स्टुलावरून, ‘जरा हळू मारून बगता का?’

हळू मारून बघितलं. बॉल चटईवरून घरंगळत हॅलोजनच्या स्टँडपर्यंत गेला. हा प्रत्येक चित्रात स्पष्ट दिसतो. गणिताने वेग अंबूबाईंच्या चालण्याएवढा. म्हणजे मशीन बरोबर चालतंय, हे सिद्ध झालं.

आता प्रश्न एवढाच, की कर्नलसाहेबांसमोर जोरात मारावं की हळू. जोरात मारलं तर दिसणार नाही. हळू मारलं तर दिसेल.

छातीत धडधडतंय. बी.पी. बघायला पाहिजे. सुपारी झाल्यावर.

७ मार्च, गुरुवार. पहाटे

झोप नाही. संयोगिताही जागी होती. ओट्यावर बसलेली. मी जवळ बसलो. ती म्हणाली, ‘बाबा, त्यांनी तुम्हाला हसलेलं मला चालणार नाही. लग्न मोडलं तरी चालेल, पण ते नाही.’ मी म्हणालो, वेडी आहेस, साडेचारशेचा वेग आहे माझा. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तळहाताला फोड आलेत.

ह्या पोरीसाठी मी काहीही करीन. तिला हे कळत नाही की मी तेच करतोय.

संकल्प : शनिवारी फुल ड्रेस रिहर्सल.

९ मार्च, शनिवार. संध्याकाळी

आज पाकिस्तानबरोबर मॅच. महेंद्र आला नाही. फोन केला तर त्याची बायको म्हणाली, ‘मॅच सोडून आज कुटंबी जायाचं न्हाई म्हन्तेत.’ टीव्ही बाहेरच्या खोलीत, त्याच्यापुढे अर्धी गल्ली. शेडमध्ये मी एकटा. रिहर्सल एकट्यानेच. कॅमेरा नाही, टीव्ही नाही, हॅलोजन नाही. दारातून येईल तेवढा उजेड.

किती मारले मोजले नाहीत. शर्ट भिजला. एक शॉट मारला, आणि धप्प!

आधी कळलंच नाही कसला आवाज. मग बघितलं, बॉल पडद्याखाली, आणि हरणाच्या पोटाला ताजा खळगा. त्याच वेळी घरातून प्रचंड आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या. सिक्सर लागला होता. मी शेडमध्ये स्टिक हातात घेऊन उभा. कोणाला सांगावं? घरात गेलो, सांगितलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

खरं लिहायचं तर इतका आनंद मला रिटायर झाल्यापासून झाला नव्हता.

त्यानंतर तो आवाज पुन्हा आला नाही. बॉल पुन्हा वेगात जायला लागले असावेत.

१० मार्च, रविवार. रात्री

लिहावंसं वाटत नाही. पण रोजनिशी म्हणजे शिस्त.

अकराला गाडी आली. कर्नलसाहेब, वहिनी, ऋषिराज, चार पाहुणे. डिकी उघडली. बॅग दिसली, आणि कोणी काही बोलायच्या आत ती माझ्या डाव्या खांद्यावर होती. पाहुण्यांचं सामान घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे.

साहेब म्हणाले, आधी मशीन, मग सुपारी. सगळे शेडमध्ये. हॅलोजन पेटला. पडदा बघून साहेब हसले, ‘हे कुठलं मैदान म्हणायचं?’ म्हटलं, लोकल आहे. संयोगिता सरबताचा ट्रे घेऊन दारात. महेंद्र मुहूर्त असूनही आमच्याच सुपारीचं शूटिंग असल्यामुळे हजर. स्टँड बाजूला ठेवून कॅमेरा खांद्यावर, लग्नातल्यासारखा. मी डोळे वटारले. त्याने पाहिलं नाही.

साहेबांनी हात मागे केला. मी पाच नंबर काढून दिली. साहेबांनी मारला. धप्प! पडद्यावरच्या झोपडीच्या दारात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब बॉलकडे बघत होते, मागे न बघता त्यांनी स्टिक बाजूला धरली. मी दोन पावलं पुढे झालो, स्टिक घेतली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली, बॅगेत घातली, पुन्हा मागे सरकून ताठ उभा राहिलो. टॉवेल खांद्यावर कधी टाकला ते आठवत नाही.

साहेब म्हणाले, ‘आता दाखवा बघू वेग.’ मी काही करायच्या आत महेंद्रने कॅसेट मागे घेऊन टीव्ही लावला. तीन आठवड्यांत इतकं स्वच्छ चित्र आलं नव्हतं. फराटा नाही, पट्टा नाही, रेघा नाहीत. साहेबांचा बॉल फुलीवरून सुटताना दिसला. पुढच्या चित्रात हवेत दिसला! त्याच कॅमेऱ्यात. आणि मग कॅमेरा, सवयीप्रमाणे, हातांवर. साहेबांचा हात बाजूला येतो. माझा हात येतो. स्टिक इकडून तिकडे जाते. टॉवेल. बॅग. दोन पावलं मागे. महेंद्र खुशीत म्हणाला, ‘सायेब, देनंघेनं एकदम क्लिअर आलंय,’ आणि त्याने ते स्लो मोशनमध्ये पुन्हा लावलं.

मला लाज वाटली. साहेबांपुढे नाही, पाहुण्यांपुढेही नाही. दारात ट्रे धरून संयोगिता उभी होती, आणि ट्रेमधले ग्लास वाजत होते.

कर्नलसाहेबांनी विचारलं, कुठल्या छावणीत? सांगितलं. कोणाची बॅग? सांगितलं, ब्रिगेडियरसाहेबांची, बारा वर्षं. मला वाटलं, संपलं. सुपारी घेऊन हे लोक आता गाडीत बसणार.

साहेब उठले. माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला. बॅगेचा पट्टा माझ्या हातातून घेतला. म्हणाले, ‘पाव्हणं, आता तुमी मारा. बॅग मी धरतो.’

मी म्हणालो, नको साहेब. ते म्हणाले, ‘साहेब कवापर्यंत म्हणताय? व्याही म्हणा.’ आणि सात नंबर काढून, मूठ माझ्याकडे करून, समोर धरली.

मग मी मारला. मग सगळे घरात गेलो. सुपारी फुटली. लग्न बारा मे. संयोगिता जेवली. अंजनाने मला दोनदा पुरणपोळी वाढली.

११ मार्च, सोमवार. सकाळी

स्कूटर परत शेडमध्ये लावली. पडदा गुंडाळून ठेवला. कॅसेट महेंद्र ठेवून गेला होता, ती एकट्याने पाहिली. माझ्या शॉटची. एक एक चित्र.

व्याही माझ्या मागे टॉवेल टाकून ताठ उभे आहेत. संयोगिताने ट्रे खाली ठेवून दोन्ही हात तोंडावर घेतलेत. स्टिक मागे जाते, खाली येते, पुढे जाते. मग सवयीने माझा हात बाजूला येतो, आणि ह्या वेळी समोरून दुसरा हात येऊन स्टिक घेतो आणि टॉवेलने पुसतो. फार निगुतीने पुसली त्यांनी. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. ती कशाला लागलीच नव्हती.

उजेड भरपूर, फोकस बरोबर, सगळ्या चित्रांत बॉल फुलीवर.

कॅमेऱ्यात दोष नाही.